नोरीनला न दिसलेला माणूस

आमच्या टकर फोर्क गावात चाळिशीच्या आतलं जे कुणी आहे, ते नोरीन टॉलफसनला 'मिसेस टी' म्हणतं. त्या सगळ्यांना तिनं शाळेत नेऊन सोडलंय आणि घरी आणून पोचवलंय. नदीच्या वरच्या अंगाला जिथं डांबरी रस्ता संपतो, तिथपासून ती पिवळी बस घेऊन यायची. बाहेर थुंकी गोठेल अशी थंडी, काचेवर बर्फाचे फटकारे, मागं पोरांचा दंगा, आणि ही एक डोळा रस्त्यावर नि एक आरशात ठेवून शांतपणे गाडी हाकायची. संध्याकाळी बस आवारात लावली की ती मागच्या बाकापर्यंत चालत जाऊन प्रत्येक बाकाखाली वाकून बघायची. खालच्या खोऱ्यात एकदा एक लहान मूल बसमध्ये झोपून राहिलं होतं आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. "माझ्या बसमध्ये कधी कुणी राहिलं नाही," एवढी एकच बढाई मी तिच्या तोंडून ऐकली आहे.

मी वाँडा. पोस्टाच्या खिडकीवर माझी सगळी नोकरी झाली. नोरीनचं नि माझं घर एका कुंपणाला लागून आहे, पण आमची खरी गट्टी जमली ती अर्विड, तिचा नवरा, गेल्यावर. अर्विड लाकडाच्या सॉ मिलमध्ये कामाला होता आणि शरद ऋतू आला की एल्क हरणांच्या शिकारीला जायचा. नोरीन त्याच्याबरोबर डोंगरात जायची, तंबू ठोकायची, स्वयंपाक करायची आणि उरलेला वेळ त्याची दुर्बीण घेऊन बसायची. मांस तिला चालायचं, पण जनावर मेलं की तिचा त्यातला रस संपायचा. ते चरताना, पाणी पिताना, कान हलवताना बघण्यात तिची खरी गंमत होती.

अर्विड वारला तेव्हा बॉइसी शहरातून मुली आल्या आणि घर विकून आमच्याकडे चल म्हणून मागं लागल्या. नोरीननं घर ठेवलं आणि नवऱ्याच्या बंदुका विकल्या. आलेल्या पैशात तिनं एक कॅमेरा घेतला आणि हाताच्या कोपरापर्यंत येईल एवढी लांबलचक लेन्स. कॅफेत बरेच दिवस चेष्टा चालली. म्हातारा गस तर मोठ्यानं म्हणायचा, "एल्कनो, सांभाळा रे. मिसेस टी आता तुम्हाला मारणार नाही, तुमचा पासपोर्टचा फोटो काढणार आहे."

पण पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याच कॅफेच्या भिंतीवर तिचे फोटो लागले. धुक्यातनं येणारी घोड्याएवढी मूस, पाण्यावर उतरणारा करकोचा, बर्फात नाक खुपसून उंदीर शोधणारा कोल्हा. साठी उलटलेली बाई पाठीवर सॅक नि तंबू घेऊन बिटररूटच्या डोंगरात चार-चार दिवस राहायची. अस्वलाच्या भीतीनं खाण्याची पिशवी झाडाला उंच टांगायची आणि पहाटे उठून दगडावर जाऊन बसायची. तिच्या फोटोंत माणूस कधी नसे. कुणी डोंगर चढणारे लांबवर जरी दिसले, तरी ते नजरेआड होईपर्यंत ती हात बांधून थांबायची. "माणूस आला की फोटो नासतो," म्हणायची.

मीही तिच्याबरोबर जायला लागले. माझ्याकडे स्वयंपाकाचं खातं. मला फोटोतलं काही कळत नाही, पण तळ्याकाठी बेकनचा वास सुटला की जगात काही बिघडलेलं आहे असं वाटत नाही, एवढं मात्र कळतं.

त्या सप्टेंबरात आम्ही आयडा लेकला गेलो होतो. तळ्याच्या पलीकडे सरळसोट राखाडी कडा आहे आणि त्याच्या एका अंगानं धबधबा कोसळतो. त्याचा आवाज एवढा, की तंबूत शेजारी बसून बोलायचं तरी ओरडून बोलावं लागतं. त्या कड्यावर डोंगरी बकऱ्या असतात, पांढऱ्याशुभ्र. जिथं आपली बोटं टेकायची नाहीत तिथं त्या पोरांना घेऊन निवांत रवंथ करत बसतात. नोरीनला त्या वर्षीच्या पिल्लांचे फोटो हवे होते.

रविवारी सकाळी कड्यावर पहिलं ऊन आलं तेव्हा ती तळ्याच्या टोकाच्या मोठ्या दगडावर ट्रायपॉड लावून उभी होती. अंगात तिचं ते नारिंगी जॅकेट. मी मागं तंबूपाशी पॅनकेक करत होते. तयार झाले तशी हाका मारल्या, पण धबधब्यापुढं माझा काय पाड. शेवटी तवा घेतला आणि चमच्यानं बडवला. तो मात्र तिला ऐकू गेला. कॅमेऱ्यावरून डोळा न काढता तिनं डावा हात डोक्यावर उंच नेला आणि चांगला दोन-तीनदा हलवला. आले, आले. मी पुन्हा तवा बडवला. तिनं पुन्हा हात हलवला. आली ती पॅनकेक गार झाल्यावरच.

"मिळालं का पिल्लू?" मी विचारलं.

"दोन मिळाली. एकाचा डोळा नीट आला असेल तर बरं," ती म्हणाली आणि गार पॅनकेकवर हकलबेरीचा मुरंबा ओतून गपागप खायला लागली.

खाणं होईतो पश्चिमेकडून काळं भरून आलं. आम्ही तंबू गुंडाळला आणि उतरायला लागलो. अर्ध्या वाटेत गारा नि पाणी एकत्र पडायला लागलं. गाडीपाशी पोचलो तेव्हा बोटांनी बंद सुटत नव्हते.

दुसऱ्या दिवशी कॅफेत बातमी कळली. मिझूलाचा कुणी वेस्ली होक नावाचा माणूस डोंगरात एकटा गेला होता, तो परतलाच नव्हता. त्याची गाडी लॉस्ट मेअर दरीच्या तोंडाशी सापडली होती. ती दरी आयडा लेकच्या दक्षिणेला, मधे एक अख्खी डोंगररांग. बायकोला तो त्याच दरीत जातो असं सांगून गेला होता, म्हणून शोधणारे सगळे तिथं लागले होते. कुत्री आणली होती. पाऊस थांबत नव्हता.

अशा वेळी आमच्या गावात कुणी कुणाला काही सांगावं लागत नाही. नोरीननं डबाभर सँडविच केली, मी दोन मोठे थर्मास कॉफी भरली आणि आम्ही गाडी काढली. दरीच्या तोंडाशी ताडपत्री बांधून शोधपथकानं ठाणं केलं होतं. तिथं एका घडीच्या खुर्चीवर वेस्लीची बायको बसली होती. ताशा तिचं नाव. तिशीतली, ओल्या केसांची, नवऱ्याचा जास्तीचा कोट अंगावर घेतलेली. नोरीन तिच्याशेजारी चिखलात उकिडवी बसली आणि तिचा हात हातात धरून राहिली.

"त्याच्याकडे टोपी आहे का गं?" नोरीननं विचारलं.

"आहे. निळी. मीच विणलेली."

"मग डोकं तरी गरम राहील. यांना ही दरी पाठ आहे, बाळ. सापडेल तो. तू आधी हे खा बघू."

ताशानं सँडविचचा एक घास घेतला. नोरीन तिथं तासभर तरी बसली असेल.

त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळी मी कुंपण ओलांडून नोरीनकडे कॉफीला गेले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉम्प्युटर लावून ती रविवारचे फोटो बघत होती. बाहेर अजून ढग खाली उतरलेलेच होते. एका फोटोत पिल्लू आईच्या पोटाखाली उभं होतं.

"याचा डोळा बघू या," म्हणून तिनं फोटो मोठा केला. डोळा छान आला होता. ती खूश झाली. मग उरलेला कडा बघायला तिनं चित्र इकडं-तिकडं सरकवलं. कुठं आणखी एखादी बकरी लपली असेल तर सापडते, असा तिचा अनुभव.

वरच्या कोपऱ्यात, एका अरुंद कपारीत, राखाडी काहीतरी होतं.

"घरटं आहे का गं?" मी म्हणाले.

तिनं आणखी मोठं केलं.

ते घरटं नव्हतं. राखाडी जॅकेट घातलेला माणूस होता. पाठ कड्याला लावून बसलेला, एक पाय विचित्र वाकडा. एक हात वर, हातात निळं काहीतरी. आणि तोंड उघडं. तो ओरडत होता.

नोरीननं पुढचा फोटो उघडला, तोच कोपरा मोठा केला. माणूस होता. हात खाली होता. त्याच्या पुढच्यात वर. पुढच्यात बाजूला. ती एकामागून एक फोटो दाबत गेली आणि तो हात माझ्या डोळ्यांसमोर हलायला लागला.

"हलवतोय तो," नोरीन म्हणाली. अगदी साध्या आवाजात. "वाँडा, तो मला हात करतोय."

शेवटच्या चार-पाच फोटोंत हात खाली गेला होता आणि मान छातीवर झुकली होती. मला वाटलं, संपला तो तिथंच. आपण पॅनकेक खात होतो तेव्हा.

नोरीननं फोन उचलला. तिचा चेहरा असा पांढरा पडला होता की मी तिच्यामागं खुर्ची सरकवून ठेवली. पोलिसांतला डेप्युटी रॉय मॅडिगन फोनवर आला. तोही तिच्या बसमधला, दुसऱ्या बाकावर बसून रोज उलटी करणारा.

"मिसेस टी, नक्की माणूसच आहे ना?" तो म्हणाला. "त्या कड्यात सावल्या अशा पडतात, कधी कधी..."

"रॉय, टोपी निळी आहे."

"कधीचा फोटो?"

"रविवार सकाळचा," ती म्हणाली. "आणि काल मी त्याच्या बायकोचा हात धरून बसले होते."

रॉयनं फोटो मागवून घेतले. मीही येते, जागा दाखवते, असं नोरीन म्हणाली. त्यानं नको म्हणून सांगितलं. ढगांमुळं हेलिकॉप्टर उडत नव्हतं, म्हणून शोधपथकातले कडे चढणारे दोरवाले चालत निघाले. आम्ही स्वयंपाकघरात बसून राहिलो. तिनं कॉम्प्युटर बंद केला नाही. मी एकदा उठून बंद करायला गेले तर म्हणाली, "राहू दे. पुन्हा एकदा त्याच्यावरनं नजर काढू का मी?"

दुपार टळल्यावर ढग जरा फाटले. आमच्या छपरावरून हेलिकॉप्टर गेलं आणि बऱ्याच वेळानं परत आलं. मग फोन वाजला. मी घेतला. रॉय म्हणाला, "जिवंत आहे. पाय मोडलाय, बोटांना हिमदंश झालाय, पण बोलतोय. कड्यावरनं झिरपणारं पाणी चाटून राहिला. मिसेस टींना सांगा."

मी सांगितलं. ती उठून मागच्या दारानं बाहेर गेली, पायरीवर बसली आणि ओकली. पोटात काही नव्हतंच.

पुढचा आठवडा गावानं तिला डोक्यावर घेतलं. लॉस्ट मेअरमध्ये महिनाभर शोधलं असतं तरी तो सापडला नसता, कारण वरून तळं दिसतं का बघायला म्हणून तो रांग ओलांडून आला होता आणि घळीतून घसरून त्या कपारीत पडला होता. सगळे म्हणत, नोरीनचा कॅमेरा नसता तर माणूस गेला होता. कॅफेत गसनं तिच्या खुर्चीला फुगा बांधला. चर्चमध्ये पाद्री म्हणाले, "देवानंच तुम्हाला तिथं नेऊन उभं केलं, नोरीन."

"उभं त्यानं केलं असेल," ती म्हणाली, "पण डोळे तर माझेच होते ना."

ती जेवत नव्हती. कपडे वाळत घालताना एकदा मला म्हणाली, "मी रांगेतला शेवटचा बाकसुद्धा तपासायचे, वाँडा. शेवटचा बाक. आणि हा माझ्यासमोर बसला होता, उजेडात." मला स्वतःलाही रात्री तव्याचा आवाज ऐकू यायला लागला होता.

मग मिझूलाच्या हॉस्पिटलमधून ताशाचा फोन आला. वेस्लीला नोरीनला भेटायचं होतं. आम्ही गेलो. तो उशीला टेकून बसला होता, पायात सळया, दोन्ही हातांना बँडेज, नाकाचं टोक काळं पडलेलं. ताशा दारातच नोरीनच्या गळ्यात पडली.

वेस्ली बोलायला लागला तो थांबेचना. "तुम्हाला ठाऊक नाही तुम्ही काय केलंत. मी शनिवारी दुपारी पडलो. रात्रभर ओरडलो. सकाळी ठरवलं की खाली एक चीर दिसतेय, तिच्यातनं उतरायचं. एका पायानं. मी कड्यावरनं पाय खाली सोडलासुद्धा होता. तेवढ्यात खाली नारिंगी जॅकेट दिसलं. कॅमेरा सरळ माझ्यावर रोखलेला. मी टोपी हलवली. आणि तुम्ही हात केलात."

नोरीन बिछान्याच्या कडेला उभी होती.

"आधी मला वाटलं भास होतोय. म्हणून पुन्हा हलवली. तुम्ही पुन्हा हात केलात. तेव्हा मी पाय वर घेतला आणि गप्प बसून राहिलो. म्हटलं, बाईनं पाहिलंय, आता कुणीतरी येणार. एक दिवस गेला, दुसरी रात्र गेली, तिसरी गेली, तरी मी म्हणत होतो, येणार, तिनं पाहिलंय. ते दोरवाले सांगत होते, ती चीर खाली हवेतच संपते. उतरलो असतो तर..."

शेवटच्या फोटोंत हात खाली का होता, ते मला तेव्हा कळलं. मी नोरीनच्या बुटावर माझा बूट दाबला. माणूस सुखात आहे, राहू दे. तिला समजलं, पण तिनं पाय काढून घेतला.

"मी तुला पाहिलं नव्हतं," ती म्हणाली.

वेस्ली हसला. त्याला वाटलं ती नम्रपणे काहीतरी म्हणतेय.

"खरंच नाही पाहिलं, वेस्ली. मी बकऱ्या बघत होते. तू मला दिसलास तो थेट मंगळवारी, घरी, कॉम्प्युटरवर."

"पण तुम्ही हात केलात," ताशा म्हणाली.

"तो हिला केला." नोरीननं माझ्याकडं मान वळवली. "ही मागनं नाश्त्याला बोलवत होती."

वेस्लीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं होतं, त्याला ते काढून घ्यायचं सुचत नव्हतं. मग त्यानं हळूहळू तोंड खिडकीकडं फिरवलं.

"मग मी कुणाची वाट बघत होतो?" तो म्हणाला. आमच्यातल्या कुणाला नव्हे.

ताशा नोरीनकडं एकटक बघत होती. "तुम्ही माझ्याशेजारी बसला होतात," ती म्हणाली. "टोपी आहे का म्हणून विचारलंत. तेव्हा तुमच्या घरी, तुमच्या कॅमेऱ्यात..."

"हो."

"तुम्ही आता जा," ताशा म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं.

परतताना गाडीत मी चिडले होते. "काय गरज होती सांगायची? त्याचं समाधान होत होतं, तुझं काय जात होतं?"

नोरीननं गाडीची काच खाली केली. "तो जन्मभर मला नाताळला केक पाठवत राहिला असता," ती म्हणाली. "आणि मी तो कुठल्या तोंडानं खाल्ला असता?"

त्या हिवाळ्यात कॅमेरा कपाटात गेला. मी दोनदा विषय काढला, दोनदा तिनं मला दाराबाहेर बर्फ लोटायला लावलं. मुली पुन्हा बॉइसीला ये म्हणायला लागल्या आणि या वेळी तिनं लगेच नाही म्हटलं नाही. मला वाटलं, जाते ही आता.

जुलैत, वरच्या वाटा मोकळ्या झाल्यावर, एक दिवस तिच्या दारात एक पिकअप येऊन थांबली. मी टोमॅटोला पाणी घालत होते. गाडीतून काठी टेकत वेस्ली होक उतरला. एकटाच. नोरीन दारात येऊन उभी राहिली.

"मिसेस टॉलफसन, मी माफ करायला वगैरे नाही आलो," तो म्हणाला.

"मी माफी मागितलीही नाहीये."

"मला झोप लागत नाही. रोज तेच दिसतं. तुम्ही माझ्याकडं बघता आणि पाठ फिरवून निघून जाता." तो काठीच्या टोकानं माती उकरत होता. "तुम्ही उभ्या होतात तिथं मला नेता का? मला तिथून बघायचंय."

ताशाला हे पसंत नव्हतं, हे त्यानं सांगितलं. डॉक्टरांनाही नव्हतं. नोरीननं एवढंच विचारलं, "सॅक किती उचलवेल?" आणि आत जाऊन तंबू काढला. मग कुंपणाकडं वळून म्हणाली, "वाँडा, नुसती ऐकत काय उभी राहिलीस? पीठ बांध."

वाट आम्हाला एरवी अर्धा दिवस लागते. त्याच्या पायानं दिवसभर पुरली. उतारावर तो काठी पुढं टेकून आडवा उतरायचा, दात आवळून. दोघांत बोलणं झालं ते फक्त वाटेतल्या दगडांबद्दल. तळ्याकाठी तंबू लावले, ट्राउट मासे तळले, खाल्ले. कड्याकडं त्यानं एकदाही मान वर करून पाहिलं नाही. जेवतानाही पाठ करून बसला.

सकाळी ऊन कड्यावर आलं तशी नोरीन त्याला त्या दगडावर घेऊन गेली. मी मागोमाग गेले. तिनं त्याला खांद्याला धरून नेमकं तिथं उभं केलं.

"इथं," ती म्हणाली.

त्यानं मान वर केली. डावीकडून उजवीकडं बघत गेला, मग उजवीकडून डावीकडं. धबधबा कोसळत होता. बकऱ्या त्या दिवशी नव्हत्या. तो बघतच राहिला.

"कुठं?" शेवटी तो ओरडून म्हणाला.

"तूच शोध."

त्यानं एक कपार दाखवली. नोरीननं मान हलवली. त्यानं दुसरी दाखवली, खूप खालची. तीही नव्हती. मी दुर्बीण पुढं केली. त्यानं ती डोळ्याला लावली आणि पुन्हा सगळा कडा पिंजून काढला. मग दुर्बीण खाली केली आणि आमच्याकडं वळला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. हॉस्पिटलमध्ये सुद्धा तो असा दिसला नव्हता.

"मला सापडत नाही," तो म्हणाला. "मी तीन रात्री काढल्यात तिथं. मलाच सापडत नाही."

नोरीन त्याच्या मागं जाऊन उभी राहिली आणि त्याच्या खांद्यावरून हात लांब केला. "ती काळी ओली रेघ दिसते? तिच्या डावीकडं ये. दोन भेगा एकत्र येतात तिथं. त्याच्या जरा वर."

तो तिच्या बोटाच्या रेषेत बघत राहिला. मग एकदम खाली बसला, दगडावरच, मोडका पाय लांब करून.

"एवढंसं?" तो म्हणाला.

"एवढंसं."

"वरून वाटत होतं सगळं खोरं माझ्या आवाजानं भरलंय. इथं उभ्या असलेल्या माणसाला मी डोंगराएवढा दिसत असेन असं वाटत होतं मला." त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. एका हाताची दोन बोटं पेरापर्यंतच होती. नोरीन त्याच्याशेजारी बसली. मी तंबूकडं परत आले आणि स्टोव्ह पेटवला. तवा बडवला नाही. पॅनकेक झाल्यावर ताटल्या घेऊन मीच तिकडं गेले.

तेव्हा तो तिला विचारत होता की त्या कपारीपाशी रोज संध्याकाळी एक बकरी यायची, एका शिंगाची, ती तुमच्या फोटोत आहे का. नोरीन म्हणाली, आहे. मग दोघं त्या बकरीबद्दलच बोलत राहिले.

बॉइसीला ती गेली नाही. कॅमेरा कपाटातून बाहेर आला, पण आता तिच्याबरोबर डोंगरात जाणं म्हणजे मोठी शिक्षा आहे. फोटो काढून झाले की ती दुर्बीण काढते आणि प्रत्येक कडा, प्रत्येक घळ, प्रत्येक कपार वरपासून खालपर्यंत बघते. मगच पाऊल उचलते. आजवर तिथं कुणी सापडलेलं नाही. मी म्हणते, अगं बाई, गार होतंय सगळं. ती म्हणते, होऊ दे.

वेस्ली नाताळला कार्ड पाठवतो. त्यात दोन ओळी असतात, पायाबद्दल एक आणि हवेबद्दल एक. केक येत नाही. कार्डावर सही त्याची एकट्याची असते. पहिल्या वर्षी मी ते बघून काहीतरी बोलले, म्हणाले की ताशाला एव्हाना राग सोडायला हरकत नव्हती.

"बरोबर आहे तिचं," नोरीन म्हणाली आणि कार्ड फ्रिजवर लावलं.